पांगुळ आणि उंबरठा

पदवीच्या वर्गात संत एकनाथांची भारुडे शिकविताना आंधळा, मुका, बहिरा, पांगुळ ही पात्रे भेटतात. ही व्यंगे देहाची नव्हेत, अज्ञानाची रूपके होत, असे मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो. विवेचन चुकीचे नव्हते. मात्र २०११ च्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ शेतातल्या कोरड्या विहिरीत पडला, मज्जारज्जूला इजा झाली आणि कमरेखालचा देह निःशब्द झाला. त्यानंतर 'पांगुळ' हा शब्द वर्गात उच्चारताना माझा आवाज अडखळू लागला.

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही कापूस पिकविणाऱ्या घरासारखेच आमचे घर. आईने स्वतःला त्याच्या खाटेला जणू बांधून घेतले. त्याचे दोन्ही हात धडधाकट असताना ती त्याला घास भरवीत असे. वडिलांनी त्याच्यासमोर शेताचा विषय काढणे सोडले. मी शिकलेला, म्हणून कार्यालयांतले बोलणे माझ्याकडे आले. अपंगत्वाचा दाखला काढताना डॉक्टरांनी त्याला नाव विचारले, तेव्हा उत्तर मी दिले. तो शेजारीच होता. त्या क्षणी मला त्यात काहीच वावगे वाटले नाही.

वर्षभराने आम्ही त्याला एका पुनर्वसन केंद्रात घेऊन गेलो. तिथल्या समुपदेशक बाईंनी फक्त त्याला न बोलावता आम्हा सर्वांना समोर बसविले. 'तुम्ही याच्यासाठी काय काय करता?' असे त्यांनी आधी आम्हाला विचारले. आम्ही काहीशा अभिमानानेच यादी सांगितली. मग त्या भावाकडे वळल्या. 'आणि तुम्ही घरासाठी काय करता?'

बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, 'मी यायच्यासमोर रडत नाही.'

त्या वाक्याने आमची यादी पुसली गेली. आम्ही त्याला सांभाळत होतो आणि तो आम्हाला. दोन्ही बाजूंनी मौनाची एकच भिंत बांधली जात होती.

पुढचे काही दिवस आमची शिकवणीच झाली. संवेदना नसलेल्या भागावर दाबाने जखमा होतात, म्हणून खाटेवर दर दोन तासांनी कूस बदलायची. चाकाच्या खुर्चीत असताना हातांवर भार देऊन त्याने स्वतःच अंग उचलायचे. खाटेवरून खुर्चीत जाताना कुठे आधार द्यायचा हे आम्ही शिकलो, पण त्याहून अवघड होते ते कुठे आधार द्यायचा नाही हे शिकणे. तो धडपडताना आई न राहवून उठली. 'लेकराले कायले तरास देता, म्याडम?' बाई शांतपणे म्हणाल्या, 'आई, हा त्रास त्याचा आहे, त्याला घेऊ द्या.'

परतल्यावर प्रश्न उंबरठ्याचा आला. खुर्ची त्यावरून जाईना. आई त्या उंबरठ्याची रोज पूजा करीत असे. तो फोडणे तिच्या लेखी अशुभ. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिने हळदकुंकू वाहिले आणि गवंड्याला आत बोलाविले.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याला, बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये आनंदवन उभारले. घरांनी टाकलेल्या कुष्ठरुग्णांना तिथे भिक्षेऐवजी काम मिळाले आणि त्या श्रमांतून एक नवे कुटुंबच घडले. टाकून देणाऱ्या घराचे क्रौर्य आपल्याला लगेच ओळखू येते. पण काम हिरावून घेणारे प्रेमळ घरही माणसाला दारिद्र्यात ढकलते, हे ओळखायला आम्हाला तिऱ्हाईत व्यक्ती लागली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. प्रतिष्ठेने जगण्याचा आणि स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचा हक्कही त्यात आला. तो हक्क प्रथम मान्य व्हावा लागतो तो मात्र स्वयंपाकघरात आणि ओसरीवर. म्हणून पुनर्वसनाचे समुपदेशन एकट्या रुग्णाशी पूर्ण होत नाही, असे मला वाटते. बदललेला माणूस न बदललेल्या घरात परतला, तर घर त्याला पुन्हा खाटेवर निजविते.

हळूहळू कापसाचा हिशेब त्याच्याकडे आला. व्यापाऱ्याशी भावावरून तो माझ्यापेक्षा बरा भांडतो. कार्यालयात आता मी मागे उभा राहतो. तोंडाशी आलेले उत्तर गिळायला मला आईपेक्षा अधिक दिवस लागले, हे कबूल केले पाहिजे.

वडील गेले तेव्हा घर माणसांनी भरलेले होते. भाऊ चाके फिरवीत, पूर्वी उंबरठा होता त्या जागेवरून अंगणात आला आणि सर्वांसमोर मोठ्याने रडला. कुणीतरी त्याला आवरायला पुढे झाले. आईने हात आडवा केला. 'रडू द्या त्याले.'