हिटलरच्या आधी कोण होतं?

कडक मुख्याध्यापक म्हणजे हिटलर, सोसायटीचा चेअरमनही हिटलर. दुष्टपणाचं माप म्हणून हे एक नाव आपल्याला पुरतं. पण १९३३च्या आधी लोक काय म्हणत असतील?

नावं होतीच. १७७६ साली टॉमस पेनने ‘कॉमन सेन्स’मध्ये इंग्लंडच्या राजाला ‘फेअरो’ म्हटलं. बायबल वाचणाऱ्या अमेरिकनांना आणखी काही सांगायची गरज नव्हती. ‘हूण’ची गंमत तर वेगळीच. १९०० साली चीनला निघालेल्या सैनिकांना जर्मन कैसरनेच सांगितलं, की अटिलाच्या हूणांसारखा दरारा बसवा. १९१४च्या युद्धात शत्रूने तेच नाव जर्मनांना शिवी म्हणून चिकटवलं. आपल्याकडे मोगलाई होती, घाशीराम होता, सूर्याजी पिसाळ होता.

आमच्या घरात मात्र शब्द होता ‘रझाकार’. आजी उस्मानाबादकडची. हिटलर तिच्या गावीही नव्हता. कुणी दांडगाई केली की म्हणायची, “ही काय रझाकारी लावलीय?” मूळ अर्थ स्वयंसेवक. लातूरला वकिली करणारा कासीम रझवी त्यांचा पुढारी. निजामाच्या राज्यात १९४७-४८मध्ये या स्वयंसेवकांनी लूट, जाळपोळ, खून असं जे काही केलं, त्याने शब्दाचा अर्थच पालटला. आजीच्या माहेरच्यांनी रातोरात गाव सोडून बार्शीकडे आसरा घेतला होता. तिच्या तोंडी तो शब्द पुस्तकातून आलेला नव्हता.

पण एक गोष्ट ती आवाज खाली आणून सांगायची. सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजाम शरण आला, लोक गावी परतले. आणि गावातल्या पिंजाऱ्याला मारलं.

“तो रझाकार होता का गं?”

“नव्हता. गाद्या भरायचा. पण तेव्हा सगळे म्हणाले, रझाकार.”

पुढे मी सुंदरलाल समितीच्या अहवालाबद्दल वाचलं. सरकारनेच पाठवलेल्या या समितीने पोलीस अ‍ॅक्शनच्या काळात आणि त्यानंतर मारल्या गेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला होता. त्यातले बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. अहवाल कित्येक दशकं प्रसिद्धच झाला नाही.

रझाकारांचे अत्याचार खरे होते, म्हणूनच त्या शब्दात एवढा जोर होता. तोच जोर पिंजाऱ्यावर चालला. तो गाद्या भरतो हे गावात सगळ्यांना माहीत होतं, पण एकदा नाव पडल्यावर ते कुणी मोजलं नाही.

आजीने ‘रझाकारी’ म्हणणं शेवटपर्यंत सोडलं नाही. पण माणसाला तो शब्द लावताना मी तिला कधी ऐकलं नाही. धान्य ओढून नेणं, दार फोडणं, रात्री येऊन धमकावणं, या कृत्यांना ती रझाकारी म्हणायची. हल्ली रोज कुणी ना कुणी कुणाला तरी हिटलर, औरंगजेब ठरवतं. तेव्हा मी एवढंच विचारते, “त्याने केलं काय, ते सांगा.”