मगरमिठीतून सुटल्यावर

मराठीत ‘मगरमिठी’ हा शब्द कर्जाला लावला जातो, व्यसनाला लावला जातो, कधी सत्तेलाही. वापरून वापरून तो इतका गुळगुळीत झाला आहे की त्यामागे खरी मगर, खरे पाणी आणि एक खरे मानवी शरीर आहे याचे भान उरत नाही. भारताच्या मगर संवर्धन प्रकल्पाला २०२५ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने वाढलेल्या मगरींची चर्चा झाली आणि ती योग्यच होती. पण मगरी वाढल्या त्या ज्या पाण्यात, त्याच पाण्यात माणसेही उतरतात. त्या मिठीत सापडून परत आलेल्या माणसाला काय कळते, हा प्रश्न अशा वेळी बाजूला पडतो. त्याचे सर्वांत विचारपूर्वक उत्तर ऑस्ट्रेलियातील एका तत्त्वज्ञ स्त्रीने दिले आहे.

व्हॅल प्लमवुड या पर्यावरणाच्या तत्त्वज्ञानातील मोठे नाव. फेब्रुवारी १९८५ मध्ये त्या उत्तर ऑस्ट्रेलियातील काकाडू राष्ट्रीय उद्यानात एकट्याच होडी वल्हवत होत्या. पावसाळ्याचे दिवस होते. जागेचे नाव ‘ईस्ट ॲलिगेटर’ नदीचे खाजण. पण त्या नदीत ॲलिगेटर नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश सागरी सर्वेक्षक फिलिप पार्कर किंग यांनी तेथील मगरींना ॲलिगेटर समजून हे नाव दिले आणि ती चूक नकाशावर कायमची राहिली. ॲलिगेटर निसर्गतः अमेरिका आणि चीन येथेच आढळतात. काकाडूच्या पाण्यात असते ती खाऱ्या पाण्यातील मगर, आजच्या जिवंत सरपटणाऱ्या प्राण्यांतील सर्वांत मोठी. ओडिशाच्या भितरकनिकात, सुंदरबनात आणि अंदमान-निकोबारात आढळते तीही हीच जात.

पाण्यात तरंगणारे ओंडक्यासारखे काहीतरी जवळ आले आणि होडीला धडका बसू लागल्या. होडी उलटणार हे दिसताच प्लमवुड यांनी काठच्या झाडावर उडी मारायचे ठरवले. उडी मारतानाच मगरीने पाण्याबाहेर झेप घेतली, त्यांना पायांच्या मध्ये पकडले आणि खाली ओढले. मग ती भयंकर गिरकी सुरू झाली. काही क्षणांनी डोके पाण्यावर आले, श्वास मिळाला आणि पुन्हा गिरकी. दुसऱ्या गिरकीनंतर जबडा सैल झाला. त्यांनी पुन्हा झाडाकडे उडी घेतली, तर मगरीने डावी मांडी पकडून तिसऱ्यांदा फिरवले. त्यानंतरही जबडा सुटला. या वेळी त्यांनी झाडाचा नाद सोडला आणि चिखलाच्या घसरड्या काठावर बोटे रुतवून, एकेक हात पुढे टाकत त्या वर आल्या. पाय फाटलेला, वर पाऊस कोसळतो आहे, पाणी चढते आहे. उद्यान-रक्षकांच्या ठाण्याच्या दिशेने त्या आधी चालत आणि मग रांगत गेल्या. रात्र झाल्यावर शोध घेणाऱ्यांना त्या सापडल्या. पुढे डार्विनच्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग आणि त्वचारोपण असा दीर्घ उपचार झाला.

हा प्रसंग थरारकथा म्हणून सांगता येतो आणि तेव्हा सांगितलाही गेला. पण त्यातील प्रत्येक टप्प्यामागे एक यंत्रणा आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय या सुटकेचा अर्थ लागत नाही.

पहिली गोष्ट, मगरीला चाहूल कशी लागते. तिच्या जबड्यांभोवतीच्या खवल्यांवर टाचणीच्या टोकाएवढे काळसर उंचवटे असतात. ते काय करतात हे दीर्घकाळ कोडे होते. डाफ्ने सोआरेस यांनी २००२ मध्ये ॲलिगेटरवर प्रयोग करून दाखवले की हे उंचवटे पाण्याच्या पृष्ठभागावरचे तरंग टिपतात. पूर्ण अंधारात, कान बंद केलेले असतानाही, पाण्यात पडलेल्या एका थेंबाकडे प्राणी वळत होता. उंचवटे झाकले की मात्र नाही. पुढील संशोधनात ही संवेदना माणसाच्या बोटांच्या टोकांपेक्षाही सूक्ष्म असल्याचे आढळले. घागर बुडवण्याचा, कपडे खळबळण्याचा, पोहणाऱ्याच्या हातपायांचा प्रत्येक तरंग अशा चेहऱ्यापर्यंत जाऊन पोहोचतो. काठावरच्या माणसाला पाणी स्तब्ध दिसते. पाण्यातल्या मगरीला काठ स्पष्ट जाणवत असतो.

दुसरी गोष्ट, पकड. ग्रेगरी एरिक्सन यांच्या गटाने २०१२ मध्ये मगरींच्या अनेक जातींचा चावा प्रत्यक्ष मोजला. खाऱ्या पाण्यातील मगरीने १६,४१४ न्यूटन बल नोंदवले, म्हणजे सुमारे १,६७० किलो वस्तुमानाचे वजन. याउलट जबडा उघडणारे स्नायू इतके दुबळे असतात की मगर हाताळणारे तिचे मिटलेले तोंड साध्या चिकटपट्टीने बांधून ठेवतात. मात्र या प्रचंड बलाला एक मर्यादा आहे. मगरीचे दात शंकूसारखे असतात. ते घट्ट धरतात, पण सुरीसारखे कापत नाहीत आणि दाढेसारखे चावतही नाहीत. सावज मोठे असेल तर त्याचे तुकडे करायला दुसरा उपाय लागतो. तो उपाय म्हणजे गिरकी.

या गिरकीचे गतिशास्त्र फ्रँक फिश आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये लहान ॲलिगेटरवर अभ्यासले. प्राणी पाय अंगाशी आवळतो, डोके आणि शेपूट धडाच्या अक्षापासून एका बाजूला वाकवतो आणि सेकंदाला दीडहून अधिक फेऱ्यांच्या वेगाने फिरतो. पाण्यात त्याला रेटा द्यायला ठोस आधार नसतो. मग हे फिरणे येते कोठून? उंचावरून पाठीवर पडणारे मांजर हवेतच वळून पायांवर उतरते, त्याच तत्त्वाने. शरीराचे वाकलेले भाग एका दिशेने फिरतात आणि धड दुसऱ्या, त्यामुळे एकूण कोनीय संवेग शून्य राहूनही शरीर गिरकी घेते. सावज मोठे आणि जड असेल, तर जबड्यातला भाग फिरतो, उरलेले शरीर जडत्वामुळे मागे राहते आणि मधले मांस पिळवटून फाटते. सावज हलके असेल तर ते सगळेच फिरते, दिशा हरवते आणि बुडते. माणसाच्या वाट्याला बहुधा दोन्ही गोष्टी येतात.

तिसरी गोष्ट, थकवा. मगर थंड रक्ताची. असे स्फोटक श्रम ती मुख्यतः ऑक्सिजनविना चालणाऱ्या चयापचयावर करते. त्याची किंमत म्हणून रक्तात लॅक्टिक आम्ल साठते. योगायोग असा की खाऱ्या पाण्यातील मगरींवर याच विषयाचा एक महत्त्वाचा अभ्यास १९८५ सालीच प्रसिद्ध झाला. झुंजीनंतर मोठ्या मगरींच्या रक्ताची आम्लता विलक्षण पातळीला जाते, असे त्यात दिसले. म्हणून गिरक्या थोडा वेळच टिकतात आणि दोन गिरक्यांमध्ये उसंत असते. सावज निपचित पडले आहे का, हे पाहण्याचा तो काळ. प्लमवुड यांना श्वास मिळाला तो याच फटीत. शेवटी त्या सुटल्या कारण हाताखाली पाण्याऐवजी चिखल आला. पोहणाऱ्याचे हात कितीही बळकट असले तरी पाणी त्यांना मागे रेटायला फारसे काही देत नाही, काठ देतो.

सुटल्यानंतरचे संकट वेगळे. मगरीच्या तोंडात आणि गढूळ पाण्यात एरोमोनाससारखे जिवाणू असतात. जखम वरून लहान दिसली तरी आत खोल चिरडलेली असते आणि तिथे संसर्ग झपाट्याने पसरतो. म्हणून मगरीच्या चाव्यानंतर रक्तस्राव थांबवणे जितके तातडीचे, तितकेच रुग्णालय गाठून जखम स्वच्छ करून घेणे आणि प्रतिजैविके सुरू करणेही.

प्लमवुड यांना वाचवून नेणाऱ्यांमध्ये दुसऱ्या दिवशी जाऊन मगर मारण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा जखमी अवस्थेतही त्यांनी तिला ठाम विरोध केला. आपण तिच्या पाण्यात शिरलो होतो, कोणती तरी एक मगर मारून काहीही साधणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी ‘बीइंग प्रे’ हा निबंध लिहिला. त्यातील मुख्य विचार असा: माणूस स्वतःला अन्नसाखळीच्या बाहेर, वर उभा असलेला समजतो. आपण सगळ्यांना खाऊ शकतो, पण आपण कोणाचे अन्न असू शकतो हे त्याच्या गावीही नसते. मगरीच्या डोळ्यांत पाहताना त्यांची पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची होती. हे माझ्याबाबतीत घडूच शकत नाही. मी एक विचार करणारी व्यक्ती आहे, केवळ मांस नाही. नंतर त्यांना उमगले की दोन्ही एकाच वेळी खरे आहे. विचार करणारी व्यक्ती मांसही असते. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले, पण ही जाणीव त्यांच्या उत्तरायुष्यातील लेखनात सतत राहिली.

आता हाच विचार भितरकनिकाच्या काठावर नेऊन पाहावा. कातडीच्या व्यापाराने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारतातील मगरी जवळजवळ संपवल्या होत्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना अभय दिले. १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने ओडिशात प्रकल्प सुरू झाला: अंडी गोळा करायची, पिल्ले सुरक्षित वाढवायची आणि नदीत सोडायची. १९७६ मध्ये मद्रास क्रोकोडाइल बँक उभी राहिली. सुसर, गोड्या पाण्यातील मगर आणि खाऱ्या पाण्यातील मगर या तिन्ही भारतीय जातींसाठी काम झाले. भितरकनिकात तेव्हा खाऱ्या पाण्यातील मगरी शंभराच्याही आत होत्या. जानेवारी २०२४ च्या गणनेत त्या १,८११ भरल्या. एखादी जात विनाशाच्या काठावरून अशी परत आणणे हे भारतीय वन्यजीवशास्त्राचे अभिमानास्पद यश आहे.

मात्र प्लमवुड होडी घेऊन त्या पाण्यात स्वेच्छेने गेल्या होत्या. केंद्रपाड्याच्या खेड्यातली स्त्री भांडी घासायला, मासेमार जाळे ओढायला आणि मूल आंघोळीला उतरते ते घरी दुसरी सोय नसते म्हणून. ‘मी तिच्या पाण्यात शिरले’ हे वाक्य तिच्या तोंडी घालता येत नाही. ते पाणी पिढ्यान्‌पिढ्या तिचेही आहे. अन्नसाखळीतील आपले स्थान ओळखण्याचा उपदेश शहरात बसून तिला करणे सोपे आहे. ते स्थान तिला रोज पहाटे ठाऊक असते.

भारतीय परंपरेलाही ते ठाऊक होते. गजेंद्रमोक्षाच्या कथेत नक्राने पाय धरलेल्या हत्तीचे सारे बळ पाण्यात निरुपयोगी ठरते. केरळमधील कालडी येथे पेरियार नदीत मगरीने बाल शंकराचा पाय पकडला आणि आईने संन्यासाची परवानगी देताच सोडला, अशी आख्यायिका आहे. तो घाट आजही दाखवतात. गुजरातच्या चरोतर भागातील गावतळ्यांत मगरी आणि माणसे शेजारी राहतात आणि तिथे पूजली जाणारी खोडियार माता मगरीवर आरूढ असते. गोव्यात कुंभारजुवे कालव्याच्या परिसरात मातीची मगर करून ‘मानगे थापणी’ची पूजा होते. सांगलीकरांना कृष्णेतील मगरी परक्या नाहीत. मराठीची म्हण मात्र पाण्यात राहून माशाशी वैर नको असे सांगते. त्याच जागी हिंदीने मगर घातली आहे.

श्रद्धेने भीतीला आदराचे रूप दिले आणि कायद्याने मगरीला जीवदान दिले. उरते ते घाटाचे काम. नदीच्या घाटांभोवती कुंपण घालण्याचा उपाय भितरकनिकात झाला आहे आणि तरंग, पकड व गिरकी यांचे विज्ञान पाहता तो अगदी तर्कशुद्ध आहे. कुंपणाच्या आत माणसाला काठ मिळतो, मगरीला झेप मिळत नाही. कुंपणाची नियमित डागडुजी, घरापर्यंत नळाचे पाणी, घरात शौचालय व न्हाणीघर, प्रजननाच्या काळात गावोगाव सूचना, जवळच्या आरोग्यकेंद्रात चाव्यावरच्या उपचारांची तयारी आणि कुटुंबाला वेळेवर भरपाई, या गोष्टी कोणत्याही थरारकथेत येत नाहीत. पण मगरमिठीत सापडण्याआधीच सुटण्याचे मार्ग तेच आहेत.

प्लमवुड यांनी जखमी अवस्थेत मगरीचा जीव वाचवला, कारण तिला दोष देण्यासारखे काही नाही हे त्यांना समजले होते. त्यांचा विचार भारतात पुरा करायचा असेल तर मगरींच्या गणनेसोबत दरवर्षी आणखी एक मोजणी व्हायला हवी: किती घाट सुरक्षित झाले आणि किती घरांना पाण्यासाठी नदीत उतरावे लागले नाही. पहिला आकडा पन्नास वर्षांत वाढला. आता दुसऱ्याची पाळी आहे.