मुरमावरचा गोल्फ

बालमित्रांनो, आमचं अहमदपूर नकाशात शोधायचं असेल तर लातूर आणि नांदेड यांना जोडणाऱ्या रस्त्यावर बोट ठेवा. लातूरहून निघालं की आधी चाकूर लागतं, मग शिरूर ताजबंद आणि मग अहमदपूर. तसंच पुढे नांदेडकडे गेलं की खंडोबाचं माळेगाव येतं. तिथल्या यात्रेतला घोड्यांचा आणि गाढवांचा बाजार तुम्ही ऐकून असाल. हा सगळा बालाघाटच्या डोंगररांगांचा भाग. पावसाळ्यात माळ हिरवागार असतो आणि होळी झाली की जिकडेतिकडे मुरूम उघडा पडतो.

आमच्याकडे कबड्डी आहे, खो-खो आहे, कुस्ती आहे, क्रिकेट तर गल्लोगल्ली आहे. गोल्फचं मैदान मात्र नाही. तरीसुद्धा आज मी तुम्हांला गोल्फ खेळायला सुरुवात कशी करायची, हेच सांगणार आहे. हसू नका हं! आधी पूर्ण वाचा.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. आमच्या शाळेची सहल पुण्याला गेली होती. आगाखान पॅलेस पाहून झाला. १९४२ साली गांधीजींना तिथेच नजरकैदेत ठेवलं होतं आणि कस्तुरबांनी १९४४ साली तिथेच शेवटचा श्वास घेतला. ते सगळं मुलांनी शांतपणे ऐकलं. तिथून निघालो तर येरवड्याला गोल्फ क्लब चौकात आमची एस.टी. गर्दीत अडकली. झाडांच्या आडून लांबलचक हिरवळ दिसत होती. मुलं खिडक्यांना चिकटली.

"सर, एवढं गवत हाय आन् जनावर एक बी न्हाई!" मागच्या बाकावरून आवाज आला. सगळी बस हसली.

मग पाचवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, याला पाणी कोण देतंय?"

या वेळी कुणी हसलं नाही. कारण आमच्या जिल्ह्यात पाण्याची थट्टा होत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून पहिली गाडी १२ एप्रिलला लातुरात पोचली. तिला दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. त्या गाडीला लोक 'जलदूत' म्हणत. माझ्या वर्गातली मुलं तेव्हा पाळण्यात होती, पण घागरींच्या रांगांच्या गोष्टी ती घरी ऐकतच मोठी झाली आहेत.

मी सांगितलं, की असं मैदान हिरवं ठेवायला भरपूर पाणी लागतं, आणि आता बऱ्याच ठिकाणी त्यासाठी शुद्ध केलेलं सांडपाणी वापरतात. मुलीनं मान डोलावली. पण तिचा पुढचा प्रश्न तयारच होता. "मग आपल्याकडं हा खेळ कधीच यायचा न्हाई का?"

मित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर गोल्फच्या मूळ गावी जायला हवं. ते गाव आहे स्कॉटलंडमध्ये. तिथे समुद्राकाठी वाळूच्या टेकड्या आहेत. शेती पिकत नाही, म्हणून मेंढ्या चरायच्या. मेंढ्या गवत खाऊन बारीक ठेवायच्या आणि पाणी पाऊसच घालायचा. अशा माळावर लोक काठीनं चेंडू टोलवत न्यायचे आणि जमिनीतल्या भोकात घालायचे. झाला गोल्फ! लोकांना याचं इतकं वेड लागलं, की १४५७ साली तिथल्या संसदेनं या खेळावर बंदीच घातली. का, तर माणसं धनुष्यबाणाचा सराव सोडून चेंडूमागे धावतात! बंदी काही टिकली नाही. पुढे सेंट अँड्र्यूज या गावच्या मैदानावर १७६४ साली अठरा भोकं ठरली आणि आज जगभर साधारणपणे अठराच असतात. या भोकाला 'होल' म्हणतात. त्याचं तोंड असतं सव्वाचार इंचांचं.

इंग्रज आपल्या देशात आले तेव्हा सामानाबरोबर हा खेळही आला. कलकत्त्याला १८२९ मध्ये गोल्फ क्लब निघाला आणि मुंबईत १८४२ मध्ये. नाशिकला तर एका मैदानाचं नावच गोल्फ क्लब मैदान आहे. आता तिथे क्रिकेटचे सामने होतात आणि त्या मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं नाव दिलेलं आहे. तरी लोकांच्या तोंडी अजून जुनंच नाव बसलंय.

म्हणजे बघा, गोल्फ जन्मला तेव्हा त्याला नळाचं पाणी लागत नव्हतं. गालिच्यासारखी हिरवळ ही नंतरची हौस. आजही जगात गवताशिवाय गोल्फ चालतो, बरं का! ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात कूबर पीडी नावाचं खाणकामगारांचं गाव आहे. तिथे ओपल नावाचं रत्न सापडतं. उन्हाळा इतका कडक, की बरीच माणसं जमिनीखाली घरं कोरून राहतात. त्या गावच्या गोल्फच्या मैदानावर गवताची काडी नाही. खेळाडू कृत्रिम गवताचा एक छोटा तुकडा बरोबर बाळगतात. पहिला टोला मारायचा तेव्हा चेंडू त्यावर ठेवायचा, आणि टोला झाला की तुकडा काखेत मारून पुढे चालायचं! दिवसा फार ऊन असलं, तर रात्री चमकणारे चेंडू घेऊन खेळतात. आणि याहून गंमत सांगू? १९७१ मध्ये अपोलो-१४ मधून गेलेल्या ॲलन शेपर्ड या अंतराळवीरानं चंद्रावर गोल्फचे दोन चेंडू टोलवले होते. चंद्रावर कुठलं आलंय गवत?

गवताचं झालं. आता पैशांचं बोलू. गोल्फ हा महागडा खेळ आहे, हे खरंच. खेळाडूला चौदापर्यंत निरनिराळ्या काठ्या बाळगता येतात. त्यांची जड पिशवी वाहायला एक माणूस लागतो, त्याला कॅडी म्हणतात. मुंबईत चेंबूरला १९२७ पासूनचा एक मोठा गोल्फ क्लब आहे आणि त्याच्या आसपास गरीब वस्त्या आहेत. त्या वस्त्यांतली कितीतरी मुलं तिथे कॅडीचं काम करायची. दिवसभर दुसऱ्यांच्या काठ्या वाहायच्या, चेंडू शोधून द्यायचे. आपण खेळावं असं त्यांनाही वाटणारच ना? त्यांनी मग लोखंडी सळ्या वाकवून काठ्या केल्या, प्लॅस्टिकचा चेंडू घेतला आणि आपल्या बोळांतच गोल्फ सुरू केला. इथे गटार, तिथे पत्र्याचं छप्पर, मध्येच वाळत घातलेले कपडे. या सगळ्यांतून चेंडू नेमका काढायचा! मोठमोठ्या मैदानांवर खेळणाऱ्यांनाही अवघड जावा असा हा खेळ. छायाचित्रकार त्याची छायाचित्रं घ्यायला परदेशातून आले.

कॅडीचं काम करता करता मोठे झालेले खेळाडूही आहेत. दिल्लीचा अली शेर कॅडी होता. १९९१ मध्ये त्यानं इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. कोलकात्याच्या एस.एस.पी. चौरसियाचे वडील गोल्फच्या मैदानाची निगा राखायचे. या मुलानं तीच स्पर्धा २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. हरियाणातल्या इसराना गावचा शुभम जागलान तर दूधवाल्याचा मुलगा. शेतात सराव करून त्यानं २०१५ मध्ये, वयाच्या अवघ्या दहाव्या वर्षी, अमेरिकेत मुलांच्या मोठ्या स्पर्धा जिंकल्या.

हे सगळं मी वर्गात सांगितलं आणि मग आम्ही कामाला लागलो. आता नीट ऐका. तुम्हांलाही हे जमेल.

काठी म्हणून बाभळीची खाली वाकलेली वाळकी फांदी शोधली. काटे काढले, साल तासली, धरायच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. चेंडू रबराचा. खरा गोल्फचा चेंडू सुमारे ४६ ग्रॅमचा आणि दगडासारखा टणक असतो, तो शाळेच्या आवारात नकोच. होलसाठी सव्वाचार इंच तोंडाचे पत्र्याचे डबे घेतले आणि काठ जमिनीच्या बरोबरीनं येईल असे पुरले. डब्याभोवती चार पावलांचं वर्तुळ आखलं, त्यातले खडे वेचले आणि बारीक मुरूम चाळून पसरला. फळीनं तो सपाट केला. पाणी एक तांब्यासुद्धा लागलं नाही! असे चार होल झाले. मुलांनी त्यांना नावं दिली : लिंब, हापसा, झेंडा आणि बांध.

नव्या माणसाला वाटतं, गोल्फ म्हणजे लांब टोला. पण सुरुवात उलटीकडून करा. आधी होलपासून एका पावलावर चेंडू ठेवा आणि आत ढकला. दहापैकी आठ वेळा गेला, की दोन पावलं मागे सरा. मग चार. डावा हात वर, उजवा खाली. डावखुऱ्यांनी उलट. क्रिकेटच्या फलंदाजासारखं आडवं उभं राहा, गुडघे किंचित वाकवा आणि काठी घड्याळाच्या लंबकासारखी हलवा. मनगटं मोडू नका.

आमच्या मुलांची एक अडचण झाली. विटीदांडूची सवय! विटी उडवली की ती कुठे गेली हे बघायला मान लगेच वर जाते. गोल्फमध्ये मान लवकर वर गेली की टोला चुकतो. चेंडू तिथून गेला तरी नजर त्याच जागेवर हवी. विटीदांडूचा फायदाही झाला, कारण काठीनं नेमकं टिपायची हातांना ओळख होतीच. विटीदांडूतली मोजणी आठवते ना? वकट, लेंड, मुंड, नाल... गावागणिक शब्द थोडे बदलतात. तेलुगूत एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. आकडे शेजारच्या मुलखातून आले आणि आपले होऊन गेले. जो खेळतो त्याचा खेळ, हा साधा हिशेब आहे.

प्रत्येक होलला किती टोले लागावेत याचा एक आकडा ठरलेला असतो, त्याला 'पार' म्हणतात. पारपेक्षा एक टोला कमी लागला तर 'बर्डी', एक जास्त लागला तर 'बोगी'. ज्याचे एकूण टोले सर्वांत कमी, तो जिंकला. एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. टोला मारणाऱ्याच्या पुढे कुणी उभं राहायचं नाही. चेंडू कुणाच्या दिशेनं चालला, तर मोठ्यानं 'फोर!' असं ओरडायचं.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. क्रिकेटमध्ये पंच असतो. गोल्फमध्ये प्रत्येकाच्या मागे पंच फिरत नाही. आपले टोले खेळाडूनंच खरे सांगायचे. १९२५ साली अमेरिकेच्या मोठ्या स्पर्धेत बॉबी जोन्स हा नामवंत खेळाडू टोला मारायला सज्ज झाला आणि चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कुणाला ते दिसलंही नव्हतं. त्यानं स्वतः सांगून एक टोला दंड घेतला. शेवटी बरोबरी झाली, पुन्हा खेळावं लागलं आणि तो अवघ्या एका टोल्यानं हरला. आज त्या वर्षीचा विजेता फारसा कुणाला आठवत नाही, जोन्सचा तो टोला मात्र सगळ्यांना आठवतो.

ही गोष्ट मी मुलांना सांगितली नव्हती. आमची पहिली स्पर्धा शनिवारी सकाळी झाली. पाण्याचा प्रश्न विचारणारी ती मुलगी आणि सातवीतला एक मुलगा यांची चुरस लागली. शेवटच्या 'बांध' होलवर तिचा चेंडू डब्यात पडला. पाटीवर मी तिचे एकूण चौदा टोले लिहिले. मुलाचेही चौदा होते. सगळे 'बरोबरी, बरोबरी' म्हणून ओरडायला लागले. ती पुढे आली आणि म्हणाली, "सर, हापशापाशी माझी काठी हवेतच फिरली होती. चेंडूला लागली न्हाई. त्यो बी धरा."

नियम तसाच आहे. चेंडू मारायला काठी फिरवली आणि ती चुकली, तरी तो टोला मोजायचा. मी चौदा खोडून पंधरा लिहिले. मुलगा जिंकला. त्यानं बक्षिसाची पेन्सिल घेतली आणि पुढच्या शनिवारी पुन्हा खेळू म्हणून तिला सांगून ठेवलं.

तर मित्रांनो, या सुट्टीत एक वाकडी काठी, एक रबरी चेंडू आणि एक डबा एवढंच जमवा. घराजवळचा मोकळा माळ बघा आणि मोठ्यांना विचारून होल करा. गवत नसेल तर खडे वेचा. आणि टोले मोजताना हवेतला टोला विसरू नका!