नमस्कारांचा हिशेब

आमचे वडील कचेरीत कारकून असल्यामुळे रोजकीर्द लिहिण्याची शिस्त त्यांच्या हाडीमाशी खिळलेली होती; पहाटेचे सूर्यनमस्कारदेखील ते हरभऱ्याचे दाणे एका वाटीतून दुसरीत टाकून मोजीत. तोच वारसा माझ्याकडे आल्याने मुंजीनंतरची कित्येक वर्षे एकशे आठाचा आकडा सूर्य वर येण्याआधी पुरा करण्यातच मी धन्यता मानीत असे. औंधाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी, जे १९०९ साली गादीवर आले आणि ज्यांनी स्वतः नित्य नमस्कार घालून संस्थानच्या शाळांतूनही ते सुरू करविले, त्यांचे नाव वडिलांच्या तोंडी सदैव असे. आणि माझ्या बालबुद्धीला वाटे की, औंधच्या राजाची मर्जी जणू माझ्या वाटीतील दाण्यांवरच अवलंबून आहे!

ही गुर्मी उतरविली ती तालमीतील एका वृद्ध गुरुजींनी. माझी धापाधाप काही वेळ निमूटपणे पाहून ते म्हणाले, "दाणे राहू देत, बाळ. एकच घाल, पण मंत्र मोठ्याने म्हणून."

मी 'ॐ ह्रां मित्राय नमः' म्हटले, आणि त्या अखेरच्या विसर्गाबरोबर उरलासुरला श्वासही बाहेर गेल्याचे मला प्रथमच जाणवले. रिकाम्या छातीने हात वर उचलताच बरगड्या उकलल्या आणि पूरक आपोआप घडला. कमरेतून वाकून तळवे पायांशी टेकताना पोट दबले, त्याने श्वासपटलाचा पडदा वर लोटला आणि रेचक झाला. जे नियम मी पाढ्यासारखे पाठ केले होते ते कोणा शास्त्रकाराचे फर्मान नसून शरीराच्या घडणीचाच कायदा आहेत, हे मला त्या एका नमस्कारात उमगले.

खरी कसोटी लागते ती मात्र साष्टांगात. दोन्ही पाऊले, गुडघे आणि तळहात, तशीच छाती व कपाळ अशी आठ अंगे भुईला टेकलेली असतात, पोट तेवढे अधांतरी धरावयाचे असते, आणि सोडलेला श्वास परत बोलावण्याची घाई न करता क्षणभर बाहेरच राहू द्यावा लागतो. दहा स्थिती मानाव्या की बारा, कोठे कुंभक करावा, कोठे करू नये, यांविषयी परंपरांत मतभेद आहेत, आणि ते खुशाल असोत. परंतु या बाह्यकुंभकात ज्याचे मन पुढच्या नमस्काराकडे धावले, त्याचे भुजंगासन केवळ मान उंचावण्यापुरतेच उरते, कारण छाती पुढे काढणारा पूरक अर्ध्यावरच तुटलेला असतो. मी वर्षानुवर्षे नेमका येथेच वेळ वाचवीत आलो होतो. दाणा वाटीत पडत होता खरा, पण श्वासाच्या खाती बाकी थकत होती.

त्यानंतर मी वाटी फडताळात ठेवून दिली. मित्र, रवी, सूर्य, भानू, खग येथपासून भास्करापर्यंतची बारा नावे हाच आता माझा हिशेब. प्रत्येक नावागणिक एक नमस्कार, आणि सहा बीजाक्षरांची आवर्तने दोन. एखादे दिवशी सातव्या हिरण्यगर्भापाशीच दम उखडतो. तेव्हा मी समस्थितीत उभा राहतो, श्वास पूर्ववत होईपर्यंत थांबतो, आणि तो झाला नाही तर त्या दिवशीचे नमस्कार सातच.