मागं पडलेला हात

अब्बा कव्वालीच्या पार्टीत बेंजो वाजवायचे. तो घरच्या कॉम्प्युटरवर नीट रेकॉर्ड करून ठेवावा म्हणून त्यांना हेडफोन लावून बसवलं. दोन ओळी वाजवून ते थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले. "बेटा, हात मागं पडायला लागला आता," एवढंच म्हणाले आणि बेंजो कापडात गुंडाळून ठेवला.

मलाही ते खरं वाटलं, याची आज लाज वाटते. मागं पडत होता तो आवाज. कॉम्प्युटर आवाज गोळा करून मगच पुढं देतो. माझ्याकडं बफर १०२४ नमुन्यांचा होता. सेकंदाला नमुने ४४,१००. म्हणजे आत येताना २३ मिलिसेकंद, बाहेर पडताना तेवढेच. आपलीच तार पंधरा-सोळा मीटरवरून ऐकावी तसं! बफर ६४ वर आणला, तर जुन्या मशीनवर आवाज तडतडू लागला. शेवटी साउंड कार्डावरचं डायरेक्ट मॉनिटरिंग चालू केलं. तारेचा आवाज कॉम्प्युटरचा वळसा न घेता सरळ कानात.

चौथ्या दिवशी अब्बांना पुन्हा बसवलं. सबंध कव्वाली वाजवून झाल्यावर त्यांनी हेडफोन काढला.

"मशीनचा दोष होता, तर आधी सांगायचं ना," ते म्हणाले. "तीन रात्री झोपलो नाही मी."