हार्पर यांचा आरसा

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांची मुक्तता घडवणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. ती अर्पणपत्रिका शिकवताना आम्ही अनेक वर्षे तिथल्या सुधारकांचे चित्र एकसंध रंगवत आलो : एका बाजूस अन्याय, दुसऱ्या बाजूस खांद्याला खांदा लावून उभी असलेली सज्जन माणसे. पुढे १८६९ सालचा त्यांचा आपसातील कलह तपशिलाने वाचला, आणि त्या चित्राला तडा गेला.

१८४८ साली सेनेका फॉल्सच्या स्त्री-हक्क परिषदेत एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांनी मताधिकाराची मागणी मांडली, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांतही अनेकांना ती अतिरेकी वाटली. तिच्या पाठीशी ठामपणे उभे राहिले ते गुलामीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस. एकवीस वर्षांनी न्यूयॉर्कच्या सभेत हेच दोघे परस्परांविरुद्ध उभे होते. निमित्त पंधराव्या घटनादुरुस्तीचे. वंशावरून मताधिकार नाकारण्यास ती मज्जाव करत होती. लिंगाविषयी मात्र मौन बाळगत होती. दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या हत्या होत असताना मत हा त्यांच्या जीवनमरणाचा प्रश्न आहे, असे डग्लस यांचे म्हणणे. स्त्रियांनी आणखी किती थांबायचे, हा स्टँटन यांचा सवालही रास्तच. परंतु तो विचारताना त्यांनी कृष्णवर्णीय पुरुषांविषयी तुच्छतेची भाषा वापरली. स्त्री-मताधिकाराची चळवळ दुभंगली ती १८९० पर्यंत.

आम्ही वर्गात कधी डग्लस यांचा कैवार घेतला, कधी स्टँटन यांचा. दोन्ही वेळा एक बाई आमच्या नजरेतून निसटली.

फ्रान्सिस एलन वॉटकिन्स हार्पर या कृष्णवर्णीय कवयित्री. १८६६ च्या स्त्री-हक्क परिषदेत त्यांनी स्वतःची कहाणी सांगितली. पती कर्ज ठेवून वारले. तीन महिन्यांच्या आत घरातली दुधाची भांडी आणि कपडे धुण्याचे टबसुद्धा जप्त झाले. मागे उरला फक्त एक आरसा. पतीऐवजी पत्नी गेली असती, तर ही वेळ त्याच्यावर आली नसती, हे त्यांनी ठासून सांगितले. त्याच भाषणात, कातडीच्या रंगामुळे वाहनांतून होणारी मानहानीही त्यांनी गोऱ्या भगिनींना ऐकवली. एकाच देहाने सोसलेले हे दोन अन्याय. १८६९ मध्ये निवडीची वेळ आली, तेव्हा हार्पर यांनी घटनादुरुस्तीची बाजू घेतली. म्हणजे स्वतःच्या मताधिकारासाठी थांबणे पत्करले.

हे थांबणे फार लांबले. १९११ साली हार्पर वारल्या. १९२० साली स्त्रियांना मताधिकार मिळाला, तरी दक्षिणेतील असंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांना तो प्रत्यक्षात वापरता येण्यासाठी १९६५ चा कायदा यावा लागला.

आता ती अर्पणपत्रिका शिकवताना आम्ही त्या आरशापासून सुरुवात करतो. दोन न्याय्य मागण्या समोरासमोर आल्या, की कोणाची आधी, हा वाद आपण हिरिरीने घालतो. ज्या व्यक्तीला दोन्हींची गरज आहे तिला त्या वादात कोणी विचारले का, हे पाहायला आम्हांला मात्र फार वर्षे लागली.