भार

गेल्या पावसाळ्यात, बपेऱ्याच्या घरी असताना, आमच्या नऊ वर्षांच्या पुतण्याच्या मांडीचे प्लॅस्टर उतरले. दीड महिन्याने उघडा पडलेला तो पाय दुसऱ्याचा धाकटा भाऊ शोभावा इतका बारीक झाला होता. एक्स-रेमध्ये मोडलेली जागा जुळलेली दिसत होती. भोवतालचे हाड मात्र फिकट, विरळ. आता हळूहळू भार पडू द्या, असे डॉक्टरांनी सांगितले. आई ठाम होत्या : "हाड कच्चं आहे अजून, पोराले उभा करू नका." अंगणातही त्या त्याला उचलूनच नेत.

आम्ही दोघे तुमसरला मराठी शिकवतो; अस्थिविज्ञान हा आमचा प्रांत नव्हे. तरी त्याच दिवसांत 'कॉसमॉस ७८२' या सोव्हिएत उपग्रहाची हकिकत वाचनात आली. १९७५ च्या नोव्हेंबरात वाढत्या वयाचे उंदीर त्यातून साडेएकोणीस दिवसांच्या प्रवासाला गेले. (शीतयुद्धाच्या त्या काळात या उपग्रहावर अमेरिकी शास्त्रज्ञांचेही प्रयोग होते, हे विशेष.) खाणेपिणे मिळत होते, पायांवर देहाचा भार तेवढा नव्हता. एमिली मोरी आणि डेव्हिड बेलिंक यांनी १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हाडांची झीज लक्षणीय बदललेली नव्हती. नवे हाड घडणेच मंदावले होते. हाडात एक रेघ आढळली. तिथे वाढ काही काळ पुरती थांबली असावी. ती रेघ आमच्या मनातून जाईना. जमिनीवर परतल्यानंतरच्या २६ दिवसांत ही उणीव भरून निघाली.

'भार' हा शब्द आपल्याकडे बहुधा तक्रारीच्या सुरात येतो : भूमीला भार, जिवाला भार. हाडातील पेशी मात्र त्या भाराचा ताण ओळखतात, आणि नवे हाड कुठे रचायचे ते त्यावरून ठरते. येथे कष्टाचे गोडवे गाण्याचा मोह होतो; तो आम्ही कटाक्षाने टाळतो. वाढत्या हाडाला हवा तो स्वतःच्या देहाचा, धावण्या-बागडण्याचा भार. रोवणीच्या दिवसांत शाळा बुडवून डोक्यावर घेतलेल्या पऱ्ह्यांच्या पेंढ्यांचा नव्हे.

आईंना हे सारे सांगितले. "उंदराची गोष्ट मले नका सांगू," असे म्हणून त्या गोठ्यात गेल्या. गाय नुकतीच व्याली होती. वासरू लटपटत उठले, पडले, पुन्हा उठले. आम्ही आधार द्यायला पुढे झालो, तर आईंनी हाताने अडवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या खाटेखाली उतरला. आईंचा खांदा त्याच्या काखेतच होता, आणि उंबऱ्यापर्यंत त्यांनी तो काढला नाही.